नानांचे भरले बटाटे

नाना कदम गेले तेव्हा मला रडू आलं नाही. त्यांच्या बायकोला, माईंनाही आलं नाही. अंगणात माणसं जमली होती, त्यांची मुलगी वैशाली भिंतीला टेकून हुंदके देत होती, आणि माई पायरीवर बसून येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, "चपला सावलीत काढा. ऊन लई हाय, नंतर पाय भाजतील." बायका आपसात कुजबुजल्या, धक्का बसलाय, आत साचून राहिलंय, रडवा तिला. मला तसं वाटलं नाही. रडायचं होतं ते आधीच थोडं थोडं संपून गेलं होतं. कधी संपलं ते कळलं नव्हतं, एवढंच.

मी कोपरगावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. बदली होऊन इथल्या शाळेत आले तेव्हापासून इथेच आहे. माझ्याकडे यायचा जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून वर येतो. त्यामुळे खाली काय शिजतंय, कोण जेवतंय आणि कोण जेवत नाही, हे मला न विचारता कळायचं.

नाना साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. कामगारांची हजेरी घेणं हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी ते काम त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. फाटकाची कडी वाजली की ओट्यावरून आवाज यायचा, "लागली हजेरी!" दूधवाला असो, मी असो, नाहीतर चुकून आत आलेलं शेजारचं मांजर असो. आवाज मोठा, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचणारा. डाव्या गालात तंबाखूचा बार असायचा, तो सांडू नये म्हणून हनुवटी जरा वर उचलून बोलायचे. त्यामुळे नवख्या माणसाला वाटायचं की हे आपल्याला कमी लेखून बोलताहेत.

खाण्याचं त्यांना वेड होतं. स्वतः खूप खायचे असं नाही, पण निकाल द्यायला आवडायचं. ओळखीपाळखीत लग्न असलं की आचारी पंगत बसायच्या आधी त्यांना बोलावून घ्यायचा. मी हे एकदा पाहिलं आहे. नानांनी आमटीचे दोन थेंब तळहातावर घेतले, चाटले, डोळे मिटले. आचारी, त्याची माणसं, मुलीचे काका, सगळे गप्प उभे. मग नाना म्हणाले, "मीठ हाय. गूळ पळालाय." आणि कढईत गूळ पडल्यावर जणू आपल्याच मुलीचं लग्न असल्यासारखे खुशीत हात पुसत निघाले.

घरात मात्र हा निकाल रोज एकाच बाईला ऐकावा लागायचा. पहिला घास घेतला की, "मीठ कमी." किंवा, "आज हात जड पडला." माई मूळच्या कर्जतकडच्या, कमी बोलणाऱ्या. मिठाचं भांडं सरकवायच्या आणि पुढची भाकरी थापायला घ्यायच्या. एकदा मी त्यांना म्हटलं, "माई, तुम्हाला राग नाही येत?" त्या म्हणाल्या, "पहिल्या पहिल्यांदा यायचा. आता ते बोलले न्हाईत तर भाजी झाली का न्हाई तेच कळत न्हाई."

नानांच्या गालात आतून जखम झाली, ती बरी होईना. आधी दाताचं दुखणं समजले, मग उष्णता. वैशालीनं पुण्याहून येऊन जबरदस्तीनं नाशिकला नेलं. तिथून पुढचं सगळं अशा कॅन्सरमधे होतं तसं झालं. जबड्याचा तुकडा काढला, मांडीचं कातडं काढून गालाला लावलं, नंतर लाइट, म्हणजे रेडिएशन, दिली. परत आले तेव्हा चेहऱ्याची एक बाजू खाली बसली होती आणि बोलणं चिखलातून पाय काढावा तसं येत होतं. फाटकाची कडी वाजली तरी ते काही म्हणायचे नाहीत. मान वर करून बघायचे, इतकंच.

अर्धा चेहरा बधिर झाला होता. एकदा सकाळी मी शाळेला निघाले तर नाना दाढी करून पेपर वाचत ओट्यावर बसले होते आणि गालावरून रक्ताची धार मानेपर्यंत आली होती. बंडीची कड लाल झाली होती.

"नाना, रक्त येतंय," मी म्हटलं.

त्यांनी बोट लावलं, बोटाकडे बघितलं. "कळलं न्हाई," म्हणाले. आणि पेपरचं पान उलटलं. मी आतून माईंना बोलावून आणलं.

आणि चव गेली. लाइट घेतल्यावर जाते, काही महिन्यांनी येते, असं डॉक्टर म्हणाले होते. पुष्कळांची येते. नानांची आली नाही. वासही गेला. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे मळीचा वास येतो. नवख्याला नकोसा होतो, पण इथल्या लोकांना त्या वासानं दिवाळी जवळ आल्यासारखं वाटतं. त्या वर्षी रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जाताना दिसल्या तेव्हा नानांनी मला थांबवून विचारलं, "मॅडम, वास यायला लागला का?" मी म्हटलं, "चार दिवस झाले." त्यांनी मान हलवली. सारी हयात ज्या कारखान्यात काढली, तो सुरू झाल्याचं त्यांना दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागलं.

जेवायला ते बसेनासे झाले. पेज, दुधात कुस्करलेली चपाती, पातळ वरण. माईंनी काही दिलं की म्हणायचे, "ओला पुठ्ठा." रागानं नाही. पूर्वी निकाल द्यायचे तसाच हाही एक निकाल. सगळ्या पदार्थांना एकच. माईंनी मिठाचं भांडं सरकवायचं बंद केलं.

एअर फ्रायर वैशालीनं आणला. फोडणीचा धूर झाला की नानांना ठसका लागायचा आणि लागला की थांबायचा नाही, घशातून रक्त यायचं. म्हणून तेलाची फोडणी नको, धूर नको, यातच काय ते भाजा, असं आईला समजावून ती पुण्याला परत गेली. माईंनी ते काळं, गोल, स्वयंपाकाच्या ओट्याची अर्धी जागा खाणारं यंत्र दोन दिवस पाहिलं आणि त्यावर धुतलेल्या ताटल्या पालथ्या घालायला सुरुवात केली.

मग एके दुपारी नानांनी ताटल्या उतरवल्या. का, ते मला माहीत नाही. दिवसभर बसून कंटाळले असतील. ज्या माणसानं कधी चहाला आधण ठेवलं नव्हतं तो माणूस ओट्यापाशी उभा राहून चकती फिरवून बघत होता. जिन्यावरून जाताना मी खिडकीतून बघितलं. यंत्र रिकामंच घुमत होतं. वेळ संपल्यावर टिंग वाजलं, तेव्हा ते जरासे मागे सरकले आणि पुन्हा पुढे झाले.

"तुला काय आवडतं?" त्यांनी माईंना विचारलं. हे मला माईंनीच नंतर सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. त्यांना प्रश्नच कळला नाही.

"कशात?"

"खायला."

माई म्हणाल्या, मला लवकर सांगताच येईना. मग आठवलं. माहेरी भरले बटाटे करायचे, शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला घालून. लग्नानंतर एकदा केले होते, तर नाना म्हणाले होते, बटाटा काय खायचा, उपासाचं खाणं. परत केले नाहीत.

"भरले बटाटे," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी नानांनी कच्चेच बटाटे पोखरून, मसाला भरून आत ठेवले. वरून कोळसा आणि आत करकरीत. दुसऱ्या दिवशी इतके उकडले की हातात घेताच फुटले. ते चिडले नाहीत, हसलेही नाहीत. तिसऱ्या वेळी माईंनी मागून सांगितलं, "एकच शिट्टी घ्या." मग जमायला लागलं. अर्धवट उकडलेला बटाटा, साल तशीच. वरून टोपीसारखा तुकडा कापायचा, चमच्यानं आतला गर काढायचा. गर काढताना नाना फार हळू असायचे, कड फुटू नये म्हणून. निम्मा गर बाजूला, तो त्यांचा. दुधात कुस्करून त्यांना तेवढाच गिळता यायचा. उरलेल्यात शेंगदाण्याचं कूट, काळा मसाला, तीळ, आलं-लसूण, कोथिंबीर, मीठ. ते बटाट्यात दाबून भरायचं, टोपी लावायची, बाहेरून तेलाचं बोट फिरवायचं आणि आत ठेवायचं. मधे एकदा उघडून उलटे करायचे. यंत्र चालू असेपर्यंत नाना समोर स्टुलावर बसून राहायचे.

एका रविवारी त्यांचे कारखान्यातले जुने सोबती भेटायला आले. नानांनी एक ताटभर बटाटे केले होते. मीही खाली होते, माझ्या हातात बशी दिलेली, पण खूप गरम म्हणून मी थांबले होते. सोबत्यांनी खाल्लं आणि एकेकानं सुरुवात केली. "वा नाना!" "एक नंबर झालंय." "हॉटेल टाका आता." नाना ताटाशेजारी उभे होते. बऱ्याच दिवसांनी त्यांची हनुवटी वर आली होती.

माई बाजारातून आल्या. पिशवी ठेवली, एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"मीठच न्हाई यात," त्या म्हणाल्या.

नानांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. एक जण म्हणाला, "आहे की. जरा कमी आहे, एवढंच. तब्येतीला बरं."

नाना माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी खाऊन सांगा."

मी घास घेतला. खरंच विसरले होते. कणभरसुद्धा नव्हतं.

"नाही मीठ," मी म्हटलं.

"मी मेलो न्हाई अजून," नाना सोबत्यांना म्हणाले. तुटक, घोगरं, पण प्रत्येक शब्द कळला. "मेल्यावर म्हना एक नंबर."

ते आत गेले, मीठ घेऊन आले आणि प्रत्येकाच्या बशीत चिमूट चिमूट टाकली. सोबत्यांनी खाली मान घालून खाल्लं. जाताना एक जण मला फाटकाशी म्हणाला, "त्याला वाईट वाटू नये म्हणून बोललो हो." मला ते कळत होतं. त्या घरात येणारा प्रत्येक जण नानांना वाईट वाटू नये म्हणून काहीतरी बोलत होता. रंग सुधारलाय, आवाज मोकळा झालाय, पुढच्या वर्षी पहिल्यासारखं फिराल. नानांना चव कळत नव्हती, पण हे कळत होतं.

तेव्हापासून बटाटे झाले की पहिला माईंना आणि दुसरा मला. नाना समोर उभे राहून विचारायचे, "मीठ?" आम्ही सांगायचो. माई कधी आडपडदा ठेवायच्या नाहीत. "खारट." "मसाला जळालाय." "काल बरा हुता." मला आधी वाटायचं, इतक्या वर्षांचं उट्टं काढताहेत. तेही थोडं असेलच. पण नाना "बरं" म्हणायचे आणि पुढच्या वेळी तेवढाच फरक करायचे. दोघं एकमेकांशी एवढं बोलताना मी पूर्वी ऐकलं नव्हतं. बोलणं सगळं बटाट्याचंच.

नंतर मानेला गाठ आली. नाशिकला पुन्हा तपासण्या झाल्या. त्याच आठवड्यात शाळेत मधल्या सुट्टीत मला वैशालीचा फोन आला.

"मॅडम, परत आलंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आता काही करण्यासारखं नाही. दुखणार नाही एवढं बघायचं. नानांना सांगू नका. आईलाही नाही. साधी सूज आहे असं सांगितलंय दोघांना."

मी हो म्हटलं. पुढचा तास सातवीचा होता. मी शिकवला. काय शिकवलं ते आठवत नाही, पण मुलं नेहमीसारखीच बसली होती, म्हणजे ठीक शिकवलं असेन.

दोन दिवसांनी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. नाना आजारपणानंतर कधी वर आले नव्हते. मधल्या पायरीवर थांबत, कठड्याला धरत आले. हातात झाकलेली बशी. दोन बटाटे. मी खुर्ची दिली. त्यांना धाप लागली होती.

मी एक खाल्ला. "मीठ बरोबर आहे. तिखट जरा कमी पडलंय."

"बरं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "वैशीचा फोन आल्ता ना तुमाला?"

"हो."

"काय म्हनली?"

खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, टेपवर गाणं लावलेलं. तो लांब जाईपर्यंत नाना थांबले.

"मला मीठ कळत न्हाई, म्हनून तुमाला विचारतो," ते म्हणाले. "हे बी कळत न्हाई. तिकडं डॉक्टर तिच्याशी बोलतो, माझ्याशी न्हाई. ती मला हसून बोलती. तुमी सांगा."

मी सांगितलं. वैशाली म्हणाली होती तेवढंच, तिच्याच शब्दांत. माझा आवाज हलला नाही. वर्गात सूचना वाचून दाखवावी तसा निघाला.

नानांनी ऐकलं. गालाची एक बाजू मेलेलीच होती, दुसरीवरही काही हललं नाही.

"बरं," ते म्हणाले. "माईला म्हाईत हाय?"

"नाही."

"मग मी सांगतो. तुमी नका सांगू." ते उठायला लागले, पुन्हा बसले. बशीकडे बोट केलं. "आजून एक हाय. खाऊन टाका. गार झाल्यावर साल चिवट व्हती."

ते समोर बसले असताना मी तो दुसरा बटाटा खाल्ला. कसा लागला ते सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी जिन्यात उभी राहून कान दिला. खालून काहीच आवाज आला नाही. ना रडण्याचा, ना बोलण्याचा. भांडी घासल्याचा आला, मग तोही थांबला. सकाळी माई अंगणात भेटल्या. माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "सांगितलं त्यांनी." मी काही म्हणणार तोच पुढे म्हणाल्या, "नळाला पानी आलंय. भरून घ्या, नंतर चार दिवस यायचं न्हाई." मी बादल्या घेऊन आले. आम्ही दोघींनी आळीपाळीनं पाणी भरलं.

वैशालीचा फोन आला. ती खूप बोलली. "काय गरज होती? सुखानं राहिले असते ना ते." मी ऐकून घेतलं. पुढे ती इथे राहायला आली तेव्हा पुन्हा बोलायला लागली, पण तो विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही.

नानांनी बटाटे करणं सोडलं नाही. उभं राहवेना तेव्हा स्टुलावर बसून करायचे. हात कापायला लागले तेव्हा गर माई काढून द्यायच्या, भरायचे ते. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण त्या महिन्यांत त्या घरात दुःखी असं काही दिसायचं नाही. कुकरची एक शिट्टी व्हायची, यंत्र घुमायचं, टिंग वाजायचं. मी जिन्यावरून जाता-येता ऐकायची. ऐकून मला बरं वाटायचं असंही नाही. फक्त ऐकू आलं नाही तर मी थांबून वाट बघायची.

बोलणं पूर्ण गेलं. गिळताही येईना, तेव्हा नाकातून नळी घातली. मोठ्या सिरींजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडायची, वर धरायची आणि आत पातळ पेज किंवा ताक ओतायचं. हे वैशालीला शिकवलं होतं, पण नानांनी ते स्वतःच्या हातात घेतलं. दुसऱ्या कुणाला धरू द्यायचे नाहीत.

मी त्यांना शेवटचं जेवताना पाहिलं ते मार्चमधे. शाळा सकाळची झाली होती, मी दुपारी लवकर घरी आले. वैशाली औषधं आणायला गेली होती. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. नाना भिंतीला टेकून खुर्चीत बसले होते, गळ्यात टॉवेल, नाकाशी पांढरी पट्टी चिकटवलेली. अंग इतकं गेलं होतं की खुर्चीच मोठी वाटत होती. एका हातात ताकानं भरलेली सिरींज वर धरली होती आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी नळी दाबून धरली होती. समोर खाली माई मांडी घालून बसल्या होत्या. ताटात भाकरी आणि एक भरला बटाटा.

माईंनी भाकरी मोडली, बटाट्याचा तुकडा तिच्यात धरला आणि घास तोंडात घातला. त्या चावायला लागल्या तशी नानांनी नळीवरची बोटं सैल केली. सिरींजमधलं ताक हळूहळू खाली उतरलं. थोडं उतरल्यावर त्यांनी पुन्हा नळी दाबली आणि माईंच्या हाताकडे बघत थांबले. माई पाणी प्यायल्या. पदरानं ओठ टिपले. दुसरा घास मोडला. तो तोंडात जाईपर्यंत नानांनी सिरींज तशीच वर धरली, बोटं दाबलेलीच होती.

मी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता वर गेले.